भाजलेल्या मिठाच्या गावाला

मार्चच्या शेवटी मी बीड जिल्ह्यात जाऊन आलो. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन, दोन्ही तक्रारखोर. घरी सांगितलं, जुन्या ओळखीच्या माणसांना भेटून येतो. ते खरंच होतं. कशासाठी भेटायचं, एवढंच सांगितलं नाही. दोन दिवसांचा बेत होता, चार दिवस लागले.

त्या बाजूला कधी न गेलेल्यांना लोक सांगतात की उन्हाळ्यात जाऊ नका. मी म्हणेन, माणसं बघायची असतील तर तेव्हाच जा. दिवाळीनंतर अर्धी गावं ऊसतोडीला गेलेली असतात. घरांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या. मार्च संपता संपता सगळे ट्रकमधून परत येतात आणि गाव पुन्हा बोलायला-भांडायला लागतं. पाणी मात्र तेव्हा टँकरचं.

माझं काम काय होतं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर ते पुन्हा राहून जाईल. चाळीसेक वर्षं राहिलंच आहे.

बहात्तरच्या नंतरचा एक मोठा दुष्काळ. मी शिरूर कासारच्या पुढे कुसळवाडीत सोसायटीचा गटसचिव होतो. सोसायटी म्हणजे सहकारी. पीककर्ज, खत, बियाणं, आणि बाजूच्या खोलीत रेशनचं दुकान. पेरणीच नव्हती, त्यामुळे खत-बियाण्याला कोणी विचारत नव्हतं. दुकान तेवढं चालायचं. तांबडी ज्वारी, रॉकेल, साखर असली तर साखर, आणि मीठ. मीठ खड्यांचं यायचं, गोणीत, थोडं मातकट. ते मापानं पदरात नाहीतर कागदात घालायचं. हातावर कधी द्यायचं नाही, भांडण होतं म्हणतात. हा नियम मी सहकार कायद्यापेक्षा काटेकोर पाळला.

त्या वर्षी पहिल्यांदा बारीक, पांढरंशुभ्र, पिशवीतलं मीठ आलं. सोबत एक कागदही होता. मिठात आयोडीन आहे, ते खाल्ल्यानं गलगंड होत नाही, मुलांची वाढ नीट होते, असं त्यात लिहिलेलं होतं. तो कागद मी वाचला तो वर्षभरानंतर, तोही ड्रॉवरच्या तळाला अंथरलेला सापडला म्हणून. तलावाच्या कामावरून आलेल्या एका बाईनं विचारलं, हे असं पिठावानी कावून? ओट्यावर दहाबारा माणसं बसलेली, दुपारची वेळ, आणि मला विनोदाची खाज. मी म्हणालो, सरकारनं औषध घातलंय, पोरं कमी व्हायचं.

लोक हसले. मीही हसलो. पण नसबंदीच्या मोहिमेला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मिठाला एकही गिऱ्हाईक आलं नाही, आणि आठवड्याभरात आजूबाजूच्या तीन गावांतही येईना. चेअरमन तापले. गंमत केली होती हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून मी दुसरी थाप मारली. तवा चांगला तापवा, मीठ चटका बसेल इतकं भाजा, औषध उडून जातं.

मीठ भराभर गेलं. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘ग्रामस्थांना नवीन मिठाचे महत्त्व पटवून देण्यात आले.’ सर्वानुमते मंजूर.

भाजण्यावर सगळ्यांचा विश्वास लगेच बसला, एकीचा नाही. कौसाबाई. मेंढ्या पाळणाऱ्या घरातली, नुकतं लग्न झालेली, आणि हळदीची गाणी म्हणायला तीन गावांतून बोलावणं येणारी. तिनं मला उभं करून विचारलं, खरं सांगा, भाजल्यावर कायी भेव न्हाई ना? मी गळ्याची कातडी चिमटीत धरून गळ्याशप्पथ घेतली. काही वर्षांनी माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाल्यावर कानावर आलं, की कौसाबाईच्या गळ्याला गाठ आली आणि तिचा आवाज गेला. शपथ माझ्या गळ्याची होती.

इतकी वर्षं मी याचा विचार टाळला. गेल्या दिवाळीत मलाच थायरॉईडची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कोणतं खाता? मी अभिमानानं सांगितलं, सैंधव, सून काचेच्या गिरणीत दळते. ते म्हणाले, तुमच्या आजाराचं कारण बहुतेक वेगळं आहे, पण त्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतं, ते बदला. निघताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मीठ तव्यावर भाजलं तर आयोडीन उडतं का? थोडं उडतं, थोडं राहतं, मीठ किती ओलं आणि तवा किती तापलेला त्यावर आहे, असं ते म्हणाले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, “कोण भाजतं असं?”

मी म्हणालो, “कोणी नाही.” ही तिसरी थाप.

मांजरसुंबा

पुण्याहून बीडला जाताना गाडी मांजरसुंब्याला चहासाठी थांबली. इथं चार दिशांचे रस्ते भेटतात आणि प्रत्येक दिशेचा ट्रक जेवायला उतरतो. मी ढाब्यावर दोन उकडलेली अंडी मागवली. अंड्यात आयोडीन असतं, दुधात असतं, समुद्राच्या मासळीत भरपूर असतं. हे मी अलीकडेच पाठ केलेलं. मालकानं विचारलं, मीठमिरपूड लावू का? नेहमी मी हो म्हणतो. त्या दिवशी विचारलं, मीठ कोणतं? तो म्हणाला, खारट.

ढाब्याच्या बाजूला लिंबाखाली ऊसतोडीहून परतणाऱ्यांचा एक ट्रक थांबला होता. भांडी, कोंबड्या, सायकल, वर दोन शेळ्या. खाली तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकरी थापत होती. भाकऱ्या झाल्यावर तिनं तवा पुसला, पिशवीतलं मीठ त्यावर ओतलं आणि फडक्यानं परतायला लागली.

मी अर्धं अंडं बशीत ठेवलं. पाणी पिऊन मी तिच्याजवळ गेलो आणि मीठ का भाजते ते विचारलं.

“भाजायचंच असतंय, बाबा.”

पण का?

“कच्चं मीठ खात्यात व्हय कुनी?” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गहू का दळतात ते विचारलं होतं. सासूनं शिकवलं, म्हणाली. सासूचं माहेर कुठलं विचारलं, तर शिरूरकडचं. ही स्वतः पाटोद्याची, आणि सहा महिने कारखान्याच्या फडात राहून आलेली. तिथल्या बायकांनाही तिनं शिकवलं होतं. माझ्या शेतीच्या सल्ल्याचा एवढा प्रसार उभ्या नोकरीत कधी झाला नाही.

बीड, शिरूर कासार

बीडला स्टँडजवळच्या लॉजवर रात्र काढली. खिडकीसमोर कोचिंग क्लासचा फलक होता, त्यावर पास झालेल्या पोरांचे फोटो. आयोडीन कमी पडलं तर मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो हे वाचलेलं असल्यामुळे मी एकेक चेहरा तपासला. सगळे माझ्यापेक्षा हुशार दिसत होते. तेवढाच धीर आला.

सकाळच्या एसटीनं शिरूर कासार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तपकिरी माळ, मधूनच एखादी हिरवी लिंबाची छत्री, आणि टँकरमागून सांडलेल्या पाण्याची रेघ. बाजाराचा दिवस होता. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मी कौसाबाईसाठी पावशेर सुकट घेतली. वाळवलेली, समुद्रातली, आयोडीननं भरलेली. इतकी अर्थपूर्ण भेट मी आयुष्यात कोणाला दिली नव्हती. कुसळवाडीच्या रिक्षात ती मांडीवर होती. शेजारचा माणूस आधी माझ्याकडे बघून हसला, मग पिशवीकडे बघून सरकला, शेवटी ड्रायव्हरजवळ जाऊन बसला.

कुसळवाडी

सोसायटीची इमारत अजून आहे, रंग नवा. आताचा सचिव माझ्या नातवाच्या वयाचा, बोलायला अदबशीर. मी म्हणालो, मला जुनं इतिवृत्त बघायचंय, त्यात एक ओळ दुरुस्त करायची आहे. तो जरा घाबरला. मग म्हणाला, “काका, जुनं समदं वाळवीनं खाल्लं. आता कॉम्प्युटरवर हाय.” माझी खोटी ओळ वाळवीनं पचवली होती. मी जाहीरपणे मागे घेणार होतो ती गोष्ट अस्तित्वातच नव्हती.

त्यानंच मला अंगणवाडीपाशी नेलं. गावची आशाताई मनीषा तिथं बायकांच्या घरचं मीठ तपासत होती. चाळिशीची, चटपटीत, बोलताना हातातली छोटी बाटली हलवणारी. चिमूटभर मिठावर बाटलीतला एक थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. बायका कागदाच्या पुड्या घेऊन बसल्या होत्या. हीच संधी म्हणून मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि चाळीस वर्षांपूर्वीची दोन्ही पापं क्रमानं सांगितली.

कोणी रागावलं नाही. कोणी विश्वासच ठेवला नाही.

“तुमी सांगितलं म्हून आमी भाजतो?” एक म्हातारी म्हणाली. “माझ्या सासूची सासू भाजायची.”

मी म्हणालो, शक्य नाही, हे मीठच तेव्हा नव्हतं. ती म्हणाली, मीठ नव्हतं तर काय आळणी खायचे? दुसरीनं सांगितलं, भाजलेलं पावसात ओलं होत नाही. तिसरीनं सांगितलं, भाजल्यानं पाप जळतं. माझ्या थापेला तीन नवी कारणं फुटली होती आणि त्यांतलं एकही माझं नव्हतं. मी भर उन्हात स्वतःच्या खोटेपणाची मालकी सिद्ध करायला भांडत होतो, आणि हरत होतो.

मनीषानं मात्र कान टवकारले होते. तिनं एका पुडीतल्या भाजलेल्या मिठावर थेंब टाकला. फिकट, जांभळा म्हणावा तर म्हणावा असा डाग पडला. मग त्याच घरच्या न फोडलेल्या पिशवीतलं मीठ घेऊन थेंब टाकला. ते वांग्यासारखं झालं. बायका पुढं सरकल्या. एकाच कंपनीचं मीठ, एक तव्यावरून आलेलं, एक न आलेलं. मनीषानं समजावून सांगितलं. बाईच्या पोटात लेकरू असतं तेव्हा त्याचं डोकं घडायला हे लागतं, आपल्या या माळाच्या मातीपाण्यात ते कमी, म्हणून मिठातून द्यायचं. लागतं किती, तर जन्मभराचं मिळून चमचाभर. मीठ जास्त खायचं नाही, पण खायचं ते हे खायचं. झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवायचं, आणि भाजी उतरवताना शेवटी टाकायचं.

“आणि खड्याचं?” म्हातारीनं विचारलं. “ते तर समुद्रातनं येतंय.”

“समुद्रातनं येतंय, आयोडीन समुद्रातच ऱ्हातंय,” मनीषा म्हणाली.

मलाही चाळीस वर्षं तेच वाटत होतं जे म्हातारीला वाटत होतं. मी शहाण्यासारखा मान हलवली. तेवढ्यात मनीषाचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. सुनेनं प्रवासासाठी सैंधवाची बाटली दिली होती. गुलाबी, महाग, दिसायला दागिन्यासारखी. मनीषानं त्यावर थेंब टाकला. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. काही झालं नाही. आणखी एक थेंब टाकला. गुलाबी ते गुलाबीच.

“भाजलं का काय पुण्यात?” म्हातारी म्हणाली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. मी चाळीस वर्षांच्या ओझ्यानं माफी मागायला गेलो होतो आणि माझंच मीठ त्या गावात सगळ्यात निकामी निघालं. रात्री सचिवाकडे जेवलो. भाजीत मीठ भाजलेलं होतं. मी मुकाट्यानं खाल्लं.

कौसाबाईची वस्ती

दुसऱ्या दिवशी दुपारी मनीषानं मला स्कूटीवरून वस्तीवर सोडलं आणि ती पुढं गेली. शिरूरची शेवटची गाडी साडेपाचला फाट्यावर असते आणि चालत दहा मिनिटं लागतात, हे तिनं दोनदा बजावलं.

वस्ती म्हणजे पत्र्याची दोन घरं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि आत मेंढ्यांचा वास. कौसाबाई सावलीत लोकर निवडत बसली होती. केस पांढरे, पाठ ताठ. मी नाव सांगितलं. तिनं डोळ्यांवर हात धरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “शेक्रेटरी. लई म्हातारे झालात.”

मी तो आवाज ऐकत तिच्यासमोर बसलो. घोगरा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. गळ्यावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाक्यांची रेघ होती, आणि त्या रेघेवर तुळशीची माळ.

माळ मला उशिरा दिसली. तोपर्यंत मी सुकटीची पिशवी पुढे केली होती.

तिनं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे पाहिलं. मी घाईघाईनं सांगायला लागलो की यात आयोडीन फार असतं. ती म्हणाली, असंल. मग काठीच्या टोकानं पिशवी उचलून कुंपणाबाहेरच्या बाभळीला टांगली. पाच मिनिटांत एक कुत्रं मागच्या पायांवर उभं राहिलं. या प्रवासात आयोडीनचा खरा लाभ झालेला तेवढाच एक जीव मी बघितला.

तिनं शेळीच्या दुधाचा चहा दिला. तो पिताना मी सांगितलं. ओट्यावरचा विनोद, तवा, शपथ, इतिवृत्त. कालच्यापेक्षा हळू सांगितलं, आणि विनोदाच्या जागी हसू येऊ दिलं नाही. ती लोकरीतले काटे काढत ऐकत होती. डॉक्टर म्हणतात प्रत्येक गाठ याच कारणानं होत नाही, तुमची कशानं झाली ते आता कोणी सांगू शकणार नाही, हेही मी सांगितलं. ते सांगताना वाटलं की मी पुन्हा एकदा गळ्याला हात लावतोय.

“मला ठावं होतं,” ती म्हणाली.

काय ठाऊक होतं?

“औषध नव्हतं ते. चेअरमनच्या घरी कच्चंच खायचे. तिथं दळायला जायचे मी, बघितलं होतं.”

मग मीठ भाजलं का?

तिनं हात थांबवले. “तुमी गळ्याला हात लावला होता. मानूस येवढ्यासाठी गळ्याशप्पथ कशाला घेईल, म्हनलं. चेअरमनच्या घरचीच चुकत्यात असं वाटलं.”

मी कपातला उरलेला चहा संपवला. कुंपणात मेंढ्या ओरडत होत्या.

पुढचं तिनंच सांगितलं. गाठ आली तेव्हा आधी लोक म्हणाले, गाण्यानं आली. मग हळदीला बोलावणं कमी झालं. मग एका लग्नात गाणं अर्ध्यावर फुटलं आणि बायकांनी टाळ्या वाजवून दुसरं सुरू केलं. त्यानंतर ती गेली नाही. बीडला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला, आवाज आधीच गेला होता. दुष्काळ किती आले गेले ते तिच्या लक्षात नव्हतं. ते लग्न कोणाचं होतं, नवरीच्या हातात कितवी बांगडी फुटलेली होती, हे सगळं होतं.

मी म्हणालो, मी काय करू ते सांगा. गावात सांगून बघितलं, कोणी ऐकत नाही.

“तुमचं कोन ऐकंल?” ती म्हणाली. “तुमी हसवायला गेलता तवा ऐकलं लोकांनी. माझा गळा बघून ऐकतील. मनीषाला म्हनावं, सकाळी ये. तुमी बी या संगं. मी गळा दाखवीन, तुमी तोंड दाखवा.”

मी म्हणालो, पण माझी गाडी. ती उठून चुलीपाशी गेली.

पिठलं-भाकरी केली. मी पहिला घास घेतला आणि थबकलो. पिठलं आळणी होतं. वाटलं, विसरली असेल. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. ती समोर बसून बघत होती.

शेवटी मी म्हणालो, “कौसाबाई, मीठ?”

“काल अंगनवाडीत मनीषा काय म्हनली? शेवटी टाकायचं म्हनली न्हवं?” म्हणजे वस्तीवर सगळी बातमी पोचली होती. तिनं फडताळातून न फोडलेली पिशवी काढली, दातांनी कोपरा फाडला. तव्याकडे पाहिलंही नाही. चिमूट घेतली आणि माझ्या ताटावर हात आणला. ताटाच्या वर थांबली, मग म्हणाली, हात करा.

मी हात मागे घेतला. “हातावर नको. भांडण होतं.”

“त्येच तर म्हंते,” ती म्हणाली. “चाळीस वर्सं येकलीच भांडले. आता समोर बसून भांडू द्या.”

मी उजवा हात पुढे केला. तिनं मीठ तळहातावर ठेवलं, माझी बोटं मिटवली आणि पदर खोचून, मांडी घालून, नीट बसली. मी मीठ पिठल्यावर टाकलं. पिठलं चांगलं झालं होतं.

मग ती भांडली. त्या फुटक्या आवाजात, एकेक वर्ष घेऊन, न थांबता. फाट्यावर शिरूरच्या गाडीनं दोनदा हॉर्न वाजवला. आम्ही दोघांनीही ऐकला. तेव्हा ती माझ्या पहिल्याच थापेवर होती; दुसरी अजून यायची होती.